कवळीवालीची वही

दादा तिला थरथरी म्हणायचा. तेही एकांतात नाही, चारचौघांत, दवाखान्याची माणसं समोर असताना. बाकी सगळ्यांसाठी ती धाकटी.

कवळ्यांचं ते वर्कशॉप वडिलांचं. ते गेल्यावर दादाच्या ताब्यात आलं आणि त्याबरोबर धाकटीही आली, भिंतीत ठोकलेल्या फडताळासारखी. वय एक्केचाळीस, लग्न झालेलं नाही, राहायला वरच्या मजल्यावर दादा-वहिनींच्या घरातली मागची खोली. खाली काम, वर जेवण, आणि दोन्हीकडे दादा.

दवाखान्यांतून पेशंटच्या जबड्यांचे साचे येत. धाकटी त्यांत प्लॅस्टर ओतून नमुना काढी, त्यावर मेण चढवी आणि मेणात एकेक दात बसवी. कवळी पक्की झाली की शेवटचं घासकाम दादाचं; कामाला असलेले पॉलिशवाले काका मशीनवर फक्त चकाकी आणत. कवळी तोंडात नीट बसली तर दादाचा हात. टोचली, हलली, परत आली तर थरथरीचा.

"तुझ्या हाताला यशच नाही," परत आलेली कवळी तिच्या टेबलावर आपटत तो म्हणायचा. "बाबांनी उगाच शिकवलं तुला. भाजी चिरायच्या लायकीची तू."

वहिनी वरून जिन्यात येऊन विचारायची, "भाजी तरी कुठे धड चिरते?"

वर्षानुवर्षं हे ऐकून धाकटीचे हात खरंच कापायला लागले. एक दात बसवला की पाच वेळा तपासायची, काढायची, पुन्हा बसवायची. दादाचं पाऊल वाजलं तरी मेण हातातून निसटायचं.

चौकातल्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई एकदा तातडीची दुरुस्ती घेऊन स्वतः आल्या. दादा बाहेर गेला होता. बाईंनी पाहिलं, धाकटी तोच दात सातव्यांदा उपटत होती.

"अहो, पहिल्यांदा बसवलात तेव्हाच बरोबर होता की."

"दादा म्हणतो माझ्या हाताला..."

"दादा काय म्हणतो ते वहीत लिहा. डाव्या पानावर. आणि उजव्या पानावर खरं काय झालं ते. कौतुक नको, शिव्या नकोत. फक्त घडलं ते. रोज."

धाकटीला अंगावर कुणी गार पाणी ओतावं तसं झालं. इथे माणूस चिरडला जातोय आणि ही बाई शाळेतल्यासारखा गृहपाठ देतेय! तरी तिने वही आणली, बहुधा रागानेच. पहिल्या दिवशी लिहिलं, "बाईंना दुसरं काम नाही." दुसऱ्या दिवशी लिहिलं, "मलाही नाही." तिसऱ्या दिवशी दादाने पॉलिशवाल्या काकांसमोर तिचा असा पाणउतारा केला की डावं पान पुरेना. लिहिताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं. उजव्या पानावर काय लिहावं ते मात्र सुचेना. बराच वेळ बसून तिने एकच ओळ लिहिली: "कवळी मी दिली तेव्हा नमुन्यावर घट्ट बसत होती. काकांनी पाहिलं होतं."

त्या ओळीकडे ती बघतच राहिली. इतकी वर्षं हे तिला कुणी विचारलं नव्हतं. तिने स्वतःलाही नाही.

मग जेवणानंतर रोज वही निघू लागली. उजवं पान नेहमी तिच्या बाजूचं असे असंही नाही. "माझीच चूक. मेण गार व्हायच्या आत हलवलं," असंही तिने लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मेण गार होऊ दिलं. चूक केवढी, ती कागदावर मोजकी दिसायची. दादाच्या तोंडून तीच घराएवढी व्हायची. दोन महिन्यांत हाताचा कंप कमी झाला. दात दोनदाच तपासून ती पुढचा उचलू लागली. आणि उजव्या पानांवरून एक गोष्ट लख्ख दिसली: परत आलेल्या सात कवळ्यांपैकी पाच घासताना बिघडल्या होत्या.

हे तिने वहीतच ठेवलं. पण दादा ओरडायला लागला की आता ती खाली मान घालत नसे, त्याच्याकडे बघत राही. दादाचा तिळपापड व्हायचा.

"हिला काहीतरी झालंय," तो वहिनीला म्हणाला.

वहिनीने खोली धुंडाळली. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा वही घेऊन खाली आला, काकांना मशीन बंद करायला लावली आणि नाटकी आवाजात वाचायला लागला.

"'आज दादा म्हणाला, तू जन्मलीस तेच आमच्या वाटेत यायला.' वा! लेखिका झाली आमची थरथरी!" तो दात विचकून हसला. जिन्यात वहिनीही हसली. काका मात्र मशीनकडे बघत उभे होते.

 धाकटीच्या हातात एक दात सोडून भरत आलेली कवळी होती. तिने ती खाली ठेवली नाही.

"उजवीकडचंही वाच."

"काय?"

"मोठ्याने वाच ना. आता का थांबलास?"

दादाची नजर उजव्या पानावर फिरली.  चेहरा काळवंडला. "माझ्याच घरात राहून माझ्यावर पाळत?" म्हणत त्याने वही प्लॅस्टरच्या बादलीत फेकली.

पांढऱ्या गाळात वही हळूहळू बुडाली. धाकटीने हातातला शेवटचा दात मेणात बसवला, एकदा तपासला. मग ॲप्रन काढून खुंटीला टांगला.

"हे काम झालंय. घासताना जरा सांभाळून."

"पाय बाहेर टाकलास तर पुन्हा आत घेणार नाही!"

"बरं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यामागची खोली तिला कामाला दिली. राहायला तिने दोन गल्ल्या पलीकडे जागा बघितली. पहिले काही आठवडे वाईट गेले. एकटीच्या खोलीतही दादाचा आवाज ऐकू यायचा आणि हात पुन्हा कापायचे. तिने दुसरी वही घेतली. दादाने गावभर सांगितलं की बहिणीने कामं पळवली. रस्त्यात दिसली तर थुंकून पलीकडे जायचा. तिलाही त्याच्याबद्दल माया वाटली नाही. तेही तिने लिहिलं, जसं होतं तसं.

वर्षभराने वहिनी तिच्या कामाच्या खोलीच्या दारात उभी राहिली, बरोबर स्वतःची म्हातारी आई. आईच्या हिरड्यांवर लाल जखमा होत्या.

"यांनी केलेली कवळी टोचते," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाली. "तुझी खोली बरीच लहान आहे गं."

"काम होतं. आजी, आ करा."

धाकटीने साचा घेतला, नवी कवळी केली. चार दिवसांनी म्हातारीने ती घालून कडक टोस्ट खाल्ला आणि दुसरा मागितला. वहिनीने आभार मानले नाहीत. जाताना दारात थांबून म्हणाली, "यांना कळता कामा नये. विचारलं तर आम्ही आलो नव्हतो म्हण."

"मी स्वतःहून सांगायला जाणार नाही, वहिनी. पण विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"तू फार शेफारलीस."

"असेन," धाकटी म्हणाली आणि पुढचा साचा उचलला.