गटात न बसलेले भाऊ

गटाराचं झाकण दिसलं की भाऊंना पुढे जाववत नसे. लग्नाला निघालेले असोत की मयताला, छत्रीच्या टोकाने ते झाकण ठोकून बघायचे. आमच्या वॉर्डातून भाऊ दोनदा अपक्ष निवडून आले. "नगरपालिकेत पक्षाचं काय काम?" हे त्यांनी रत्नागिरीत इतक्यांना ऐकवलं होतं की मिरकरवाड्यावर मासे विकणाऱ्या बायकाही विचारायच्या, "भाऊ, आज बांगड्याचा पक्ष कोणता हो?" "जो ताजा, तो आपला," भाऊ म्हणायचे.

निवडून आल्यावर सत्ताधारी आणि विरोधक, दोन्हीकडची माणसं गटनोंदणीच्या कागदावर सही मागायला आली. भाऊंनी चहा पाजला, सही दिली नाही. मग व्हायचं तेच झालं. गट नाही म्हणून कुठल्या समितीवर घेतलं नाही. सभेच्या मधल्या सुट्टीत दोन्ही गटांची कोंडाळी जमायची आणि भाऊ खिडकीपाशी एकटेच डबा उघडायचे.

मी एकदा विचारलंच, "एकटं नाही वाटत?"

"वाटतं गो बायो. खोटं कशाला सांगू?"

पुढे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. भाऊंनी मला, बालवाडीच्या बाईला, उभी राहा म्हटलं, पण अपक्ष. माझं धाडस झालं नाही. मी पक्षाचं तिकीट घेतलं. सांगायला गेले तेव्हा पक्षाचं उपरणं पर्समध्ये कोंबलं होतं. त्याचं टोक बाहेर आलेलं त्यांनी बघितलं.

"लपवतेस कशाला? चोरी नाही केलीस," म्हणाले. आणि दुखऱ्या गुडघ्यांनी घाट्यांचे चढ चढत दारोदार फिरले. "बाईंना मत द्या, चिन्हाकडे बघू नका."

मी निवडून आले. वर्षभरात आमच्या वॉर्डातल्या सड्यावर, वरच्या कातळमाळावर, पाण्याची टाकी बांधायचा ठराव आला. तो विरोधकांनी मांडलेला, म्हणून आम्हाला विरुद्ध मत द्यायचा व्हीप. माझ्याच वॉर्डाच्या पाण्याविरुद्ध मी हात वर केला. भाऊ मागे प्रेक्षकांत बसले होते. बाहेर पायरीवर बसून मी ढसाढसा रडले. ते शेजारी येऊन बसले आणि "जेवलीस का?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर मला सोसल्या असत्या.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. सगळ्या पक्षांनी श्रद्धांजलीचे बॅनर लावले, आमच्या पक्षानेही. त्यावर माझा फोटो भाऊंच्या फोटोपेक्षा मोठा होता.

परवा पुन्हा तसाच व्हीप आला. मी हात वर केला. या वेळी मला रडू आलं नाही, आणि भाऊ गेले ते मला त्या क्षणी कळलं.