आगबोट बंद होती तेव्हाचे खेळ

किस्से कसे साठत जातात हे मला नीट सांगता येणार नाही. मुंबईला कॉलेजात आयुष्यभर लॉजिक शिकवलं, त्यातला चार माणसांत सांगण्याजोगा एकही प्रसंग मला आठवत नाही. आणि इथे श्रीवर्धनला नातवंडं एक पावसाळा घरी होती, तर त्या गोष्टी सरता सरत नाहीत. संध्याकाळी ओटीवर मंडळी जमली की कुणीतरी म्हणतंच, "प्रोफेसर, ते खेकड्याचं सांगा." मी सांगतो. सांगताना दर वेळी शंका येते की मागच्या खेपेला जरा वेगळं सांगितलं होतं का.

शेजारचे तात्या मामलेदार कचेरीतून रिटायर झालेले. जीभ तिखट. ते म्हणतात, "मुलं होती पावसाळाभर, आणि गोष्टी बारा वर्षांच्या."

आधी थोडं सांगायला हवं. आमची एकुलती एक मुलगी दुर्गा त्या वर्षी माघात गेली. तिची यमू सहा वर्षांची आणि विनू चार. वैशाख सरता सरता जावई दोघांना घेऊन आगबोटीने आले. आमच्याकडे बोट धक्क्याला लागत नाही. ती खोल पाण्यात उभी राहते आणि माणसं पडावात बसून किनाऱ्यावर येतात. विनू पडावातून उतरला तो झोपेतच.

पावसाळ्यात दर्या खवळतो, आगबोट बंद होते. शेवटच्या बोटीने जावई परत निघाले. म्हणाले, "आप्पा, नारळी पौर्णिमेनंतर बोट सुरू झाली की येऊन नेतो. मार्गशीर्षात माझं लग्न आहे. त्याआधी मुलं तिकडे रुळायला हवीत."

मी विचारलं, आणखी वर्षभर राहू द्याल का. ते म्हणाले, "उशीर झाला तर ती तिला आई म्हणणार नाहीत."

गृहस्थ भला, आणि बोलणं रास्त. आम्हां नवराबायकोला एवढंच कळलं की बोट बंद आहे तोवर मुलं आपली.

*

बाहेर धो धो पाऊस, घरात दोन पोरं. त्यांना रमवायचं कसं हा प्रश्न मी अर्थातच पुस्तकात पाहिला. बालशिक्षणावरची दोन जाड इंग्रजी पुस्तकं माझ्यापाशी होती. ती वाचून मी एक टाइमटेबल केलं आणि माजघराच्या दाराला डकवलं. सकाळी निसर्गनिरीक्षण, मग हस्तव्यवसाय, दुपारी विश्रांती, नंतर कथाकथन.

हिने ते कमरेवर हात ठेवून वाचलं. यमूला अक्षरओळख होती, तिनेही बोट लावून लावून वाचलं. मग मला म्हणाली, "आजोबा, यात भूक लागायची वेळ कुठेय?"

मी म्हटलं, ती घालायची राहिली.

विनू म्हणाला, "मला आत्ता लागलीय."

टाइमटेबल तिथेच संपलं. त्या कागदाची पुढे हिने गुळाच्या ढेपेवर झाकणी केली.

*

पहिला खरा खेळ माझ्या पुस्तकातून आला नाही, वाडीतून आला. पोफळीची झावळ गळून पडते, तिच्या बुडाशी चामड्यासारखी रुंद, गुळगुळीत विरी असते. एकाने विरीवर बसायचं आणि दुसऱ्याने झावळीचं टोक धरून ओढायचं. सारवलेल्या पडवीत ही गाडी काय झकास पळते! पाऊस कोसळायचा आणि आत दोघांची गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी त्यांना घर्षण समजावून सांगू लागलो. ओल्या जमिनीवर गाडी का जास्त सरकते, कोरडीवर का अडते. विनूने फार शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजोबा, आता ओढा."

ओढलं. माझी पाळी झाल्यावर यमूने फर्मावलं की आता आजोबांनी बसायचं. मी नाही म्हणत होतो. हाड मोडलं तर, कुणी पाहिलं तर, असं बरंच काही मनात आलं. वाडीत कामाला येणारी भागी नेमकी पडवीत टेकली होती. ती म्हणाली, "बसा वो बाबा, काय व्हत न्हाय. मी वढतंय." आणि तिने मला असं काही ओढलं की धोतराचा सोगा मागे राहिला आणि मी पुढे गेलो.

पडवीच्या टोकाला तात्या उभे होते. छत्री मिटत म्हणाले, "प्रोफेसर, इंजिन चांगलं आहे. डबा जुना दिसतोय."

*

मग होड्या. कागद हवा होता. माळ्यावर लॉजिकच्या लेक्चरच्या नोट्सचे गठ्ठे होते. कधीतरी त्यांचं पुस्तक करायचं असं मी बरीच वर्षं म्हणत होतो. पहिलं पान फाडताना हात जरा अडला. दुसऱ्या पानाला अडला नाही. जाड, चांगला कागद. होडी झकास व्हायची. वाडीतल्या पाटाला पावसाचं पाणी असायचंच. आम्ही तिघं पानांची इरली डोक्यावर घेऊन काठाने चालायचो. विनू विचारायचा ही कुणाची, मी सांगायचो ही अमुक तत्त्ववेत्त्याची. सगळ्यांत लांब कोण जातं हे बघायचं. थोर थोर माणसं पहिल्या वळणालाच बुडाली, एवढं मी अनुभवाने सांगतो.

आमचा पाट पुढे तात्यांच्या वाडीत उतरतो. चार दिवसांनी तात्या ओल्या कागदांचा लगदा सुपात घालून आले. "हे तुमचं तत्त्वज्ञान आमच्या माडांच्या आळ्यात अडकलंय," म्हणाले. "पाणी पुढे जाईना."

ही आतून म्हणाली, "इतकी वर्षं माळ्यावर होतं. आता शेजारपर्यंत तरी पोचलं."

पुस्तक काही झालं नाही. त्याचं वाईट वाटायला हवं, असं मला अधूनमधून वाटतं. पण पाटाच्या काठी उकिडवं बसून "गेली, गेली, आजोबा, वळली!" असं ओरडणारा विनू आठवतो आणि ते वाईट वाटणं पुरतं जमत नाही.

*

खेकड्याचा किस्सा हाच, ज्याची फर्माईश होते.

पावसात पाटाकडेचे बारके खेकडे अंगणात येतात. विनूने एक पाळायला धरला. ठेवायला भांडं हवं, तेव्हा याला देवघरातली पंचपात्री सापडली. पाण्यासकट.

मी संध्येला बसलो होतो. डोळे मिटलेले, मन भलतीकडेच. माझं असंच होतं. "केशवाय नमः" म्हणून पळी घातली, ती वर येईना. ओढली, तर कुणीतरी पलीकडून ओढतंय. डोळे उघडले. पळीला खेकडा लोंबत होता.

मी जो उठलो तो थेट माजघरात. विनू दारात. त्याला माझी काही काळजी नव्हती. म्हणाला, "आजोबा, त्याला पण संध्या शिकवा. तो नुसता बसून आहे."

ही चुलीपुढून उठून आली. पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. ती हसत होती. माघानंतर ती पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

ओटीवर सांगताना हे शेवटचं मी गाळतो. खेकडा पळीला लोंबला इथे मंडळी हसतात, तिथेच थांबतो. पण खरं सांगायचं तर पुढे आठवडाभर मी संध्येला बसताना पंचपात्रीत आधी डोकावत होतो, आणि ती नुसत्या पाण्याने भरलेली दिसली की चुकल्यासारखं व्हायचं.

*

यमूचा आवडता खेळ भातुकलीचा. करवंट्यांची भांडी, सुपाऱ्यांचे लाडू, शिंपल्यांची ताटं. ही तिला चिमूटभर खरे पोहे द्यायची, खरा गूळ द्यायची. एके दुपारी मी पाहुणा होतो. पाटावर बसलो. विनू बाबा होता, कचेरीतून यायचा आणि लगेच परत कचेरीत जायचा. यमू आजी होती. वाढत होती, आग्रह करत होती, हुबेहूब हिच्यासारखं "घ्या हो, एवढ्याने काय होतंय" म्हणत होती.

मी सहज विचारलं, "आणि आई कोण?"

यमू म्हणाली, "आई माडीवर निजलीय. मोठ्याने बोलू नका, तिला खोकला येतो."

मग तिने एक शिंपला भरून बाजूला काढून ठेवला.

ही दूध बघायला म्हणून उठून गेली. दूध केव्हाच उतरवलेलं होतं. मी पाटावर बसून राहिलो. विचारायला नको होतं, की विचारलं ते बरंच झालं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. त्या दिवशी मात्र मी जेवताना शक्य तितक्या हळू आवाजात बोललो, आणि पाहुण्याने पुरतं जेवून उठावं म्हणून सगळ्या सुपाऱ्या तोंडाला लावल्या.

*

श्रावण उतरणीला लागला. पाऊस ओसरू लागला, ऊन पडायला लागलं. अख्खं गाव खूश आणि मी रोज सकाळी किनाऱ्यावर जाऊन लाटा बघत असे. लाटा मोठ्या दिसल्या की बरं वाटायचं. कोळीवाड्यात होड्यांना तेल चढू लागलं. तात्या म्हणाले, "यंदा वारा लवकर बसला. बोट वेळेवर येणार." मी त्यांच्याशी दोन दिवस धड बोललो नाही. त्यांना कारण कळलं नसावं. किंवा कळलंही असेल, कारण तिसऱ्या दिवशी त्यांनी विनूला स्वतःच्या हाताने लाकडी भोवरा करून आणून दिला आणि हवेबद्दल अवाक्षर काढलं नाही.

बोट वेळेवरच आली. जावई आले, मुलं गेली. रडारड झाली नाही. विनूला पडावात बसायचं होतं, त्याला वल्ही मारणाऱ्याच्या शेजारची जागा मिळाली, त्यात तो आमच्याकडे बघायला विसरला. यमूने बघितलं. मार्गशीर्षात लग्न झालं. पुढे जावयांची बदली दूर नागपुराकडे झाली. नवी मुलगी चांगली आहे, मुलं तिला आई म्हणतात असं कळतं. म्हणजे जावयांचा हिशेब बरोबर होता. त्यानंतर मुलं इकडे एकदा आली. विरीवर बसतोस का म्हणून मी विनूला विचारलं, तर तो लाजला.

*

आता मुलं जायच्या आधीच्या नारळी पौर्णिमेचं.

त्या दिवशी इथे घरटी एक नारळ दर्याला देतात, म्हणजे दर्या शांत होतो आणि बोटी सुटतात. आमच्या घरात आणखी एक रीत आहे. त्या वर्षी घरचं कुणी समुद्राने प्रवास करणार असेल तर त्याच्या नावाने वेगळा नारळ द्यायचा, आणि तो घरच्या बाईने द्यायचा. म्हणून ही जावयांच्या आणि मुलांच्या नावाचा नारळ घेऊन दुपारीच शेजारच्या बायकांबरोबर जाऊन आली. घरचा नारळ माझ्या हाती दिला. हळदकुंकू लावलेला. संध्याकाळी मी मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलो.

गर्दी होती. कोळ्यांचा वाजतगाजत आलेला सोनेरी कागदाचा नारळ मुलांनी डोळे भरून पाहिला. माणसं गुडघाभर पाण्यात जाऊन आपापला नारळ सोडत होती. आमची पाळी आली तेव्हा यमूने माझं धोतर धरलं.

"आजोबा, नारळ दिला की दर्या शांत होतो?"

"असं म्हणतात."

"मग आगबोट येते?"

"येते."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "मग आपला नको देऊ या."

विनू म्हणाला, "नको."

मी लॉजिकचा माणूस. पाण्यात उभ्या उभ्या मी मुद्दे मांडले. नारळाने समुद्र शांत होत नाही, वाऱ्याने होतो. म्हणजे नारळ देण्याने काही होत नाही. म्हणजे न देण्यानेही काही होत नाही. म्हणजे न द्यायला हरकत नाही. यात कुठे चूक असेल तर मला ती त्या दिवशी दिसली नाही. मी नारळ उपरण्याखाली घेतला.

परतताना वाटेत तात्या भेटले. "दिलात का नारळ?"

"दिला," मी म्हटलं. मुलं माझ्या दोन्ही बाजूंनी नाकासमोर बघत चालत होती.

घरी आलो. ही मागल्या दारी मुलांचे पाय धुवायला लागली. मी घाईघाईने कोठीच्या खोलीत गेलो. तिथे भाताची कणगी आहे. झाकण काढलं, उपरण्यातला नारळ घेतला आणि तो दिसू नये म्हणून कोपरापर्यंत हात भातात घातला.

हाताला गोल, टणक काहीतरी लागलं. बाहेर काढून पाहिलं. नारळ होता. शेंडीला हळदकुंकू, अजून ओलसर.

मी दोन्ही हातांत दोन नारळ धरून उभा होतो. मागे पावलं वाजली. ही दारात आली होती, हात पदराला पुसत. तिने माझ्याकडे पाहिलं, नारळांकडे पाहिलं.

म्हणाली, "भात वरून नीट सारखा करा. उंचवटा दिसतो."