आधी साय, मग जॅम

मुलाचा इंग्लंडहून फोन आला, "आई, सासूबाईंना घेऊन येतोय. नुसतं भेटायला." नुसतं भेटायला म्हणे! इंग्लंडातलं ते डेव्हन सोडून कोण बाई आमच्या गिरीजच्या वाडीत नुसतं भेटायला येते?

नात दहा महिन्यांची असल्यापासून माझ्याकडे. इंग्रज सून बाळंतपणानंतर फार आजारी पडली, म्हणून मुलाने पोरीला इथे आणून ठेवलं. आता सून बरी झाली होती आणि पोर सहा वर्षांची. येणार ते तिला न्यायलाच, मला खात्री होती.

पण मीही काही कमी नाही. ठरवलं, विहीणबाईंना दाखवायचं की पोरीला इथे कशाचीच कमी नाही. त्यांच्याकडे दुपारच्या चहाला स्कोन लागतात, म्हणजे आपलं गोडसर, फुगलेलं बिस्किटच. मोबाइलवर बघून पंधरा दिवस भाजत होते. पहिल्या घाण्याला कावळ्यानेही तोंड लावलं नाही. त्यांचं ते घट्ट क्रीम म्हणजे साय. म्हशीचं दूध मंद आचेवर ठेवून ती धरली. पोरीला रोज दुपारी खुर्चीवर बसवून शिकवलं. स्कोन हाताने उकलायचा, आधी साय, मग जॅम, डेव्हनची तीच रीत. चुकली की मी ओरडायचे. बिचारी मुकाट्याने पुन्हा करायची.

त्या दुपारी केळीचं पान हलत नव्हतं. विहीणबाई आल्या, गोड हसल्या आणि पिशवीतून जाडजूड लोकरीचा कोट काढून पोरीच्या अंगावर धरला. बाह्या नीट मोजल्या. मग मुलाने तिच्या लशींचं कार्ड मागितलं, अगदी सहज. मी दिलं. वर म्हटलं काय, तर चहा गार होतोय.

पोर ताठ बसली. कपाचा आवाज नाही, मांडीवर कण नाही. आधी साय, मग जॅम. विहीणबाई बघतच राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि माझ्या मुलाशी भरभर काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

मुलगा मान खाली घालून म्हणाला, "न्यायच्या तयारीने आलो खरे, पण त्यांना वाटत होतं, ही तिकडे बावरेल. म्हणून अजून वर्षभर तुझ्याकडेच ठेवायचं चाललं होतं आमचं. आता म्हणतात, काळजीच नाही. याच खेपेला नेऊया."

अगं बाई, काय करून बसले मी! तिला रोजच्यासारखं जमिनीवर मांडी घालून बशीतून फुरके मारू दिले असते, तर एक वर्ष मिळालं असतं मला. असा संताप आला! पण काढणार कोणावर?

पोर माझ्याकडेच बघत होती. "आजी, काही चुकलं नाही ना?"

"नाही गं बाय," मी म्हटलं. "सगळं बरोबर केलंस."