सर्वांत धाकट्याचं मत

लेफ्टनंट कर्नल दिगंबर सबनीस यांनी लष्कराच्या कायदा विभागात बावीस वर्षं काढली. कोर्ट मार्शल बसलं की निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांना कायदा समजावून सांगायचा, हे त्यांचं काम. तिथला एक नियम त्यांना फार आवडे. सर्वांत धाकट्या अधिकाऱ्याने मत आधी द्यायचं, म्हणजे त्याच्यावर वरिष्ठांचा दाब पडत नाही.

एकाहत्तर साली, नक्षलवादी दहशतीच्या दिवसांत, ते कलकत्त्यातल्या एका विद्यापीठाचे रजिस्ट्रार झाले. "इथे कुलगुरू नुसते खोकले तरी सगळे माना डोलावतात," ते पत्नीला म्हणाले. "ते बंद करतो."

"आल्या आल्या कशाला हात घालताय?" कालिंदीबाई म्हणाल्या. "अजून शिपायांची नावं तरी पाठ झालीत का तुमची?"

पहिलंच प्रकरण आलं ते एका विद्यार्थ्याचं. त्याने बाकावर सुरा ठेवून पेपरात कॉपी केली होती. समितीत पाच जण. सर्वांत धाकटा श्यामसुंदर नंदी, सव्वीस वर्षांचा व्याख्याता, बराकपूरहून रोज लोकलने येणारा. दिगंबररावांनी त्याला आधी विचारलं.

"काढून टाकावं," तो म्हणाला.

उरलेले चौघे, कुलगुरूंसकट, म्हणाले, "ताकीद पुरे."

नंदी निर्भीड निघाला म्हणून दिगंबरराव मनातून खूश झाले. इतिवृत्तात प्रत्येकाचं मत त्यांनी नावानिशी लिहून घेतलं.

दोनच दिवसांत इतिवृत्तातली मतं बाहेर फुटली आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर डांबराने नाव आलं. एकच, नंदीचं. त्याच संध्याकाळी सियालदहला फलाटावर त्याचं डोकं फोडलं.

बातमी आली तेव्हा दिगंबररावांनी इतिवृत्ताची वही पुन्हा उघडली. कोणी काय मत दिलं ते बाहेर सांगणार नाही, अशी कोर्ट मार्शलमध्ये प्रत्येकाला शपथ असते. बावीस वर्षं ती त्यांनी इतकी गृहीत धरली होती, की इथे ती नाही हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

म्हातारे हेडक्लार्क हळूच म्हणाले, "साहेब, आमच्यात कुलगुरू आधी बोलायचे ते काय आम्ही सगळे भित्रे म्हणून? निर्णयाला नाव त्यांचं लागायचं. त्यांच्या दाराशी पोलीस असतो."

दिगंबरराव बराकपूरला गेले. डोक्याला पट्टी बांधून नंदी खाटेवर बसला होता. दिगंबररावांच्या मागे त्याच्या आईने लगेच दाराला कडी घातली. नंदीने राजीनामा पुढे केला.

"सर, तुमचं मत काय होतं?"

"रजिस्ट्रारला मत नसतं."

"आणि लष्करात?"

"तिथेही नव्हतं. मी फक्त कायदा सांगत असे."

हे बोलताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता.

"मी त्याला काढूनच टाकलं असतं," शेवटी ते म्हणाले.

"सर, हे तिथे बोलायला हवं होतं," नंदी म्हणाला. "आता अंधार पडायच्या आत निघा. तुम्ही इथे आलात हे कोणी बघायला नको."