हळद लावलेलं मटण

मेलेल्या जिवावर पहिली माशी कधी बसते, हा प्रश्न रोह्याशेजारच्या अष्टमी गावात इशरतशिवाय कुणाला पडला असेल असं वाटत नाही. रोह्यात बीएस्सी करून ती मुंबईला फॉरेन्सिक शिकायला गेली. माशीच्या अळ्यांवरून मृत्यूची वेळ काढता येते हे कळल्यावर तिने प्रबंधाला तोच विषय घेतला. वडील सईद यांनी कुवेतहून बजावलं होतं, "वर्ष वाया गेलं तर परत ये आणि बीएड कर."

म्हणून बकरीदच्या सुट्टीत तिने परसात, जाळीच्या पिंजऱ्यात मटण ठेवलं.

शेजारचे महमूदचाचा कुंपणावरून ओरडले, "गो पोरी, कुर्बानीचं गोश्त माशांना वाटतेस?"

"कुर्बानीचं नाय चाचा, विकत आणलंय."

"मग चैन हाय माशांची!"

पण दुसऱ्या दिवशीही एकही माशी बसेना. माशा घिरट्या घालत आणि निघून जात. इशरतने वाकून पाहिलं. मटण पिवळं दिसत होतं.

"अम्मी! काय केलंस हे?"

"मीठ-हळद लावली," हलीमा म्हणाली. "सुकवायच्या गोश्ताला लावतो तशी. तुझ्या अभ्यासाचं सडत होतं."

"मला सडलेलंच पाहिजे होतं!"

"मग आधी सांगायचं. सडवायला शिकवतात हे मला काय ठाव?"

इशरत पायरीवर मटकन बसली. सुट्टी संपत आली होती, हाती एकही नोंद नव्हती. तरी नजर पिंजऱ्यावरच होती. मीठ माशीला किती वेळ थोपवतं? पेणकडे मिठागरं आहेत, खाऱ्या खाड्या आहेत. तिथे प्रेत सापडलं तर वेळेचा हिशेब चुकेल का? तिने मार्गदर्शक बाईंना फोन लावला. हाच प्रश्न त्यांना विचारला.

"एक साधं ठेव, एक मिठाचं," त्या म्हणाल्या. "हळद नको."

इशरतने ताजं मटण आणलं.

"किती मीठ लावतेस, अम्मी?"

"अंदाजाने."

"अंदाज नाय चालत. वजन करू."

साध्या मटणावर दुपारीच माशी बसली. मिठाच्या मटणाजवळ मायलेकी नाकाला ओढणी लावून आळीपाळीने बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे माशी आली तेव्हा हलीमाच ओरडली, "बसली गो, बसली!"

मिठाचा तो फरकच इशरतचा प्रबंध झाला. पुढे ती सरकारी प्रयोगशाळेत लागली. बीएडचं नाव कुवेतहून पुन्हा निघालं नाही.

"काय करते गो तुझी इशरत?" शेजारणी विचारतात.

"माशा बघते," हलीमा सांगते. त्या हसल्या की त्यांना बसवून घेते आणि माशी अंडी कुठे घालते, तिथून सुरुवात करते.