झाकून ठेवलेली भाकरी

बाळांनो, रिठदला आमच्या दारी एकदा पिवळ्या वस्त्रातले एक साधू येऊन उभे राहिले. हातात पात्र, नजर खाली. मागणं काहीच नाही. ते बौद्ध भिक्खू होते, हे मला पुढे शिकताना कळलं.

आईने रीतीप्रमाणे सुपातून ज्वारीचं पीठ आणलं. त्यांनी पात्रावर हात ठेवला.

"काहून महाराज, आमच्या घरचं चालत नाई?" आई दुखावली.

"तसं नाई, माय. आमाले रांधाची मनाई हाय. रातचं उरलंसुरलं चालते."

साधूला शिळं कसं वाढायचं? आईने घाईने चूल पेटवली. ते निंबाची सावली बुंध्याकडे सरकताना बघत राहिले, संथ पाण्यावरचं पान बघावं तसे. भाकरी फुगली तोवर ऊन डोक्यावरून ढळलं होतं.

"दुपार टळल्यावर आमी जेवत नाई, माय."

आईचे डोळे भरले. "माह्या दारातून उपाशी जाता?"

"त्या भाकरीसाठी कोनी भुकेलं येईनच," ते हसले. फडक्यातून गाळून पाणी प्यायले आणि केनवडच्या वाटेवर उन्हात विरघळून गेले.

पुढे आई रोज पहिली भाकरी दुपारच्या आत करून दाराशी झाकून ठेवायची. ते पुन्हा आले नाहीत. पण ती भाकरी कधी शिळी झाली नाही.