वाट चुकलेला टँकर

डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीमागे आमच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. शेजारी कारखान्याच्या कँटीनमध्ये भांडी घासणारी एक सावंतवाडीकडची बाई राहायची. सगळे तिला वयनी म्हणत. तिचं खरं नाव मी कधी विचारलं नाही. वाक्य संपायच्या आधीच तिला हसू फुटायचं, मग ती भांडत का असेना.

गोवा राज्य झालं त्या उन्हाळ्यात आमचा नळ कोरडा पडला होता. पाण्याचा टँकर मात्र रोज आमच्यासमोरून साहेबांच्या बंगल्यांकडे, बागा भिजवायला जायचा. एका दुपारी वयनीने तो हात दाखवून थांबवला आणि पदर खोचून सरळ ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, कामावर नवाच लागलेला.

"बंगल्यांची वाट माका म्हायत आसा," ती म्हणाली. "डावीकडे घे रे झिला."

डावीकडे आमची वस्ती होती. टँकर खोल्यांच्या मधोमध येऊन थांबला.

"मावशी, ह्यात बंगलं कुठं हायती?" त्याने विचारलं.

"मगे काय, हे आमचे बंगले," म्हणून ती हसत सुटली. तोही हसला आणि त्यानेच पाणी सोडलं. बायका हंडे घेऊन धावल्या. एक आजोबा चक्क छत्री उलटी धरून उभे राहिले. कोण कुणाला भिजवतंय, कळेना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघांना बोलावलं. वयनीची नोकरी जाणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण तिने तोंड उघडायच्या आत ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, मी नवा हाय. वाट चुकलो."

पाऊस लागेपर्यंत तो अधूनमधून चुकतच राहिला.